दिवाणातली ढोलकी

आधार आबांनी कॅसेटची एक बाजू पुरी ऐकली, उजव्या हाताने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत नाकावर चढवला आणि म्हणाले, "हाई ढोलकी एकच हातनी वाजी ऱ्हायनी."

गुलाबने मुकाट्याने टेपचा आवाज वाढवला. गाणारे आणखी जोरात गायला लागले, टाळ्या आणखी कडकडल्या, ढोलकी मात्र होती तशीच, टिक टिक टिक. आबांनी मान हलवली. "आवाज नको वाढाडू. डावा हात कोठे गया ते सांग."

आता हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गुलाबने हसून सोडून दिलं असतं. पण टेपात वाजणारी ढोलकी खुद्द आबांची होती आणि ज्या डाव्या हाताची ते चौकशी करत होते तो त्यांच्या मांडीवर पडून होता, कुणी आपली वस्तू घटकाभर सांभाळायला देऊन गेल्यासारखा. हिवाळ्यात आबांना लकवा मारून गेला होता. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात काही परत आला नाही.

डॉक्टर म्हणाले होते की हातात जीव आहे, पण तो मालकाची वाट बघतोय, मालकाने कामाला लावलं तर येईल. त्यांनी एक रबरी चेंडू दिला आणि सकाळ-संध्याकाळ दाबायला सांगितला. आबांनी त्या लाल चेंडूकडे असं पाहिलं, की डॉक्टरच ओशाळले. मी काय पोऱ्या शे का, एवढंच ते रिक्षात बोलले. घरी आल्यावर चेंडू खिडकीत गेला, तो तिथेच धूळ खात बसला.

गुलाब अहिरे धुळ्यात पाटबंधारे खात्यात कारकून होता. देवपुरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर, बायको बेबाबाई, आणि आजारपणापासून नरडाण्याजवळच्या गावाहून आणलेले वडील, म्हणजे आबा, असा संसार. आबांनी हयातभर गायन पार्टीत ढोलकी वाजवली होती. शिंदखेडा तालुक्यात असं गाव नव्हतं, जिथे जयंतीला आबांची ढोलकी कडाडली नाही आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी तिची चर्चा केली नाही. शब्द कोण लिहितो, चाल कोण लावतो हे लोक विसरत, पण आधारभाऊच्या डाव्या हाताचा घुमारा विसरत नसत. डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या चामड्यावर, तळवा असा काही दाबून घासायचे की आवाज जमिनीतून निघून बसलेल्या माणसाच्या छातीत शिरायचा.

ती ढोलकी आता खोळीत घालून खुंटीला टांगली होती. यंदाची जयंती, तीही शताब्दीची, आबांनी देवपुरातल्या दिवाणावर बसून काढली होती. म्हणूनच संध्याकाळी गुलाबने मागच्या वर्षीची कॅसेट लावली. गावच्या मंचासमोर टेप ठेवून त्याने स्वतः ती भरली होती. आबांना बरं वाटेल, एवढाच भाबडा हिशेब. तो असा अंगलट आला.

कॅसेट संपल्यावर आबांनी दुसरी गोष्ट सांगितली. उखर्डूला निरोप गेला आहे, बुद्धपौर्णिमेला तो येईल आणि ढोलकी घेऊन जाईल. उखर्डू हा पार्टीतला त्यांच्या हाताखाली तयार झालेला गडी. "मन्हा डावा हात आठे बी नही अन् तठे बी नही," टेपकडे हनुवटी करून आबा म्हणाले, "मंग ढोलकी ठेईसन काय करू?"

गुलाब बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ढोलकी गेली की आबा हाताचा नाद कायमचा सोडतील, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि हात सोडलेला माणूस पुढे काय काय सोडत जातो, तेही त्याने शेजारीपाजारी पाहिलं होतं. त्याला रडू आलं, पण बेबाबाई चहा घेऊन आली म्हणून त्याने ते डास चावल्याच्या नावावर खपवलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुटल्यावर तो कॅसेट घेऊन थेट नासीरच्या दुकानात गेला. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत नासीरचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शाळेपासूनची दोस्ती असल्यामुळे गुलाबला तिथे स्टुलावर बसायचा कायमचा हक्क होता. नासीरने सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातला एक मोठा उघडा स्पीकर उचलला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि कॅसेट लावून तो स्पीकर एका रिकाम्या खोक्याच्या तोंडावर उपडा धरला. खोक्याच्या आतून, खोल विहिरीतून आल्यासारखा, एक धूं आला. परत एक. गुलाब स्टुलावरून उठलाच.

"हात टेपात आहे गुलाबभाई," नासीर म्हणाला. "बाहेर यायला त्याला घर पाहिजे."

झालं. त्या दिवसापासून गुलाबच्या डोक्यात घर घुसलं, म्हणजे स्पीकरचं घर. कचेरीच्या कामाने जळगावला जावं लागलं तेव्हा त्याने तिथल्या बाजारातून बारा इंची स्पीकर घेतला आणि एसटीत लेकराला धरावं तसा मांडीवर धरून आणला. एरंडोलला चढलेल्या एका म्हातारीने ही कसली चाळणी म्हणून विचारलं. आवाजाची, गुलाब म्हणाला. म्हातारीने जागा बदलली.

स्पीकर आला, पण त्याला बसवायचं कशात? इथून खरा घोळ सुरू झाला. दोन शहाणे एकत्र आले की काम अडतं, आणि गुलाबकडे शहाण्यांची ददात नव्हती.

पहिला शहाणा देवचंदभाऊ. हा कचेरीत आरेखक, म्हणजे धरणांचे नकाशे काढणारा. इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं वाचायचा त्याला शौक होता. गुलाबची अडचण ऐकताच त्याने टी-स्क्वेअर ओढला आणि दुपारभर धरणाला सुट्टी देऊन पेटीचा नकाशा काढला. उभा छेद, आडवा छेद, प्लायवूडची जाडी, सगळं कसं नेटकं. हातच्या सवयीने त्याने आतल्या पोकळीत पाण्याची पातळी दाखवणारी रेघही ओढली होती, ती मागाहून खोडली. पेटी चहूबाजूंनी बंद हवी, हवा आत कोंडली पाहिजे, म्हणजे ती स्पीकरला शिस्तीत ठेवते, असं त्याचं म्हणणं. आत कापूस भरायचा, म्हणजे आवाज आतल्या आत आपटत नाही.

दुसरा शहाणा अर्थातच नासीर. त्याला कोंडलेली हवा मुळीच मान्य नव्हती. हवा कोंडली तर घुमारा पण कोंडेल, असं तो म्हणे. त्याच्या मते मातीच्या माठासारखं स्पीकरचं घर दुसरं नाही. माठाला कोपरा नाही, जोड नाही, खिळा नाही. त्याच्या मावसभावाच्या पानाच्या टपरीवर माठाचा स्पीकर होता आणि तो चौकापर्यंत ऐकू जात असे.

गुलाबने सरकारी माणसाप्रमाणे वागायचं ठरवलं, म्हणजे नकाशा ज्याचा आधी मंजूर त्याचं काम आधी. सुताराकडून देवचंदभाऊची पेटी आली. राहिला कापूस. खानदेशात माणसाला कापसाची काय चिंता? गुलाबचा मेहुणा भाव वाढेल या आशेवर अर्धं घर कापसाने भरून, उरलेल्या अर्ध्या घरात बायकोची बोलणी खात बसला होता. त्याच्याकडून गुलाबने गोणीभर कापूस आणला, पेटीत ठासून भरला, स्पीकर आवळला आणि आबांना बोलावलं.

आबा दिवाणाच्या कडेला बसले. कॅसेट सुरू झाली. गाणं आलं, टाळ्या आल्या, आणि डाव्या हाताची थाप पडली तसा पेटीतून असा काही खळखळाट झाला की बेबाबाई स्वयंपाकघरातून डब्याचं झाकण हातात घेऊनच बाहेर आली. प्रत्येक थापेला खळखळ. आबांनी शांतपणे विचारलं, "ढोलकीसंगे खुळखुळा कोन वाजाडी ऱ्हायना?"

पेटी उघडल्यावर उलगडा झाला. कापूस शेतातून आला तसाच भरला होता, सरकीसकट. वेचलेल्या बोंडातली प्रत्येक सरकी घुमाऱ्याबरोबर पेटीच्या तळावर नाचत होती. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य कापसाच्या गावात गेलं त्याला कापसात सरकी असते हे आठवू नये, यावर देवचंदभाऊ पोट धरून हसला. मग नकाशात "सरकी काढून" असं आपणही लिहिलं नव्हतं हे लक्षात आल्यावर जरा गप्प झाला.

सरकी वेगळी काढून, पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला कापूस गुलाबने दुसऱ्या खेपेला भरला. या वेळी कसर राहू नये म्हणून त्याने गादी भरावी तशी पेटी भरली. आता खळखळ नव्हती. पण आता काहीच नव्हतं. आबांनी पुरतं गाणं ऐकलं आणि निकाल दिला, "गोधडीमा डोकं घालीसन गाई ऱ्हायनात."

कापूस कमी करून बघितला, जास्त करून बघितला, पेटी उभी ठेवली, आडवी ठेवली. घुमारा यायचा, पण पाहुण्यासारखा दारातूनच परत जायचा. देवचंदभाऊने कबूल केलं की त्या स्पीकरला पेटी लहान पडते, पण हवी तेवढी मोठी केली तर ती गोदरेजच्या कपाटाएवढी होईल. यावर बेबाबाईने आपला नियम सांगितला. घरात आणखी एक कपाट आलं तर माणसांपैकी एकाला बाहेर जावं लागेल, आणि ते माणूस कोण हे तिने ठरवून ठेवलं आहे.

मग नासीरची पाळी. भर वैशाखात धुळ्यात माठ मागायला जाणं म्हणजे लग्नघरी जाऊन नवरदेवाचे बूट मागण्यासारखं. तरी नासीरने एक भला मोठा माठ मिळवला, त्याच्या तोंडावर स्पीकर बसवला आणि फटी कणकेने लिंपल्या. आवाज आला, काय आवाज आला. खिडकीच्या काचा थरथरल्या, शेजारच्या द्रौपदाबाई भूकंप झाला की काय म्हणून लुगडं सावरत अंगणात आल्या. गुलाबचा चेहरा फुलला. त्याने आबांकडे पाहिलं.

आबांच्या कपाळावर आठ्या होत्या. ते म्हणाले, ढोलकीचा घुमारा चढतो, उतरतो, वळतो. हा आपला एकाच ठिकाणी बसून ढब ढब करतो. "हाई ढोलकी नही, माठ शे. यामा पानी भर."

नासीरला ते लागलं. पण खोटं बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने परत एकदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, आबा खरं सांगतात, माठ स्वतःचाच सूर लावतोय. बेबाबाईने तो माठ धुऊन पुसून पाण्याला लावला, त्यामुळे या सगळ्या उद्योगात एक तरी वस्तू कामी आली असं तिला म्हणता आलं.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली. आदल्या संध्याकाळी नासीर आणि देवचंदभाऊ गुलाबच्या घरी बसून एकमेकांना पटवत होते. देवचंदभाऊने आता नवा नकाशा काढला होता, मोठी पेटी आणि तिला हवेसाठी एक भोक. भोकामुळे नासीर खूश होता, पेटीमुळे देवचंदभाऊ खूश होता. दोघांचं एकमत झालं होतं ही नवलाची गोष्ट. फक्त पेटी सहा फूट लांब हवी होती, आणि ती एका रात्रीत कुठून आणायची आणि आणली तर ठेवायची कुठे हे नकाशात लिहिलेलं नव्हतं. गुलाब भिंतीला टेकून बसला होता. त्याने हात टेकले होते. उद्या उखर्डू येईल, खोळीसकट ढोलकी उचलेल, आणि आबा त्याच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघतील, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

बेबाबाई चहाचे कप उचलायला आली होती. तिने नकाशाकडे पाहिलं, मग आबा बसले होते त्या दिवाणाकडे पाहिलं.

"सहा फुटी पेटीवर तर तुम्ही सगळे बसला आहात," ती म्हणाली.

तो दिवाण बेबाबाईच्या माहेरचा होता. लग्नात तिच्या वडिलांनी पिंपळनेरच्या सुताराकडून करवून घेतलेला, सागाची चौकट, जाड प्लायवूडच्या बाजू, वर उघडणारं झाकण, आत पाहुण्यांच्या गाद्या आणि गोधड्या. देवचंदभाऊने उठून मापं घेतली. नकाशातली पेटी आणि हा दिवाण यांत बोटभराचा फरक होता, आणि आत कापूस आधीच भरलेला होता, तोही सरकी काढून, गादीत शिवून.

गुलाब म्हणाला, नाही. बायकोच्या माहेरच्या दिवाणाला भोकं पाडणार नाही. त्या दिवाणाला साधा ओरखडा गेला तर बेबाबाई दोन दिवस बोलत नसे, हे त्याला ठाऊक होतं.

"नाही म्हणण्याआधी मला विचारलंत का?" बेबाबाई म्हणाली. "मीच सांगतेय, कापा. दिवाण लाकडाचा आहे. आबा रोज त्यावर बसून भिंतीकडे बघतात, ते मला दिवसभर बघावं लागतं, तुम्हाला नाही."

एवढं बोलून ती कप घेऊन आत गेली. नळाचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला.

सकाळी उजाडताच आबांना खुर्चीवर बसवलं. आबा कुरकुरले, पण कुणी ऐकलं नाही. नासीरने दिवाणाच्या समोरच्या बाजूला पेन्सिलने गोल आखला आणि बारीक करवतीने कापला. पहिला भुसा पडला तेव्हा बेबाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. स्पीकर बसला, शेजारी हवेचं भोक पडलं, गाद्या-गोधड्या मागच्या बाजूला सारल्या. थोडं वाजवून पाहिलं तर सगळं ठीक, पण जोराच्या थापेला दिवाणाचं झाकण चौकटीवर खडखडायचं. देवचंदभाऊने कागदाच्या घड्या घालून पाहिल्या, नासीरने सुतळी गुंडाळली. खडखड जाईना. बेबाबाईने इकडे तिकडे पाहिलं, खिडकीतला तो लाल चेंडू उचलला आणि झाकणाच्या आणि चौकटीच्या फटीत दाबून बसवला. खडखड थांबली. सरकीपासून झाकणापर्यंत या घराने आवाजाशी जेवढ्या लढाया केल्या त्यातली ही शेवटची, असं गुलाबला वाटलं.

तेवढ्यात उखर्डू आला. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चेहरा मात्र उतरलेला. ढोलकी न्यायला येणं त्याच्याही जिवावर आलं होतं. तो आबांच्या पाया पडला, खुंटीकडे पाहायचं टाळलं आणि बेबाबाईने दिलेली खीर खाली मान घालून खात बसला. आबा परत दिवाणावर येऊन बसले. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, पण बसता बसता तो घसरून दिवाणाच्या कडेला, गादीच्या बाहेरच्या फळीवर पडला. आबांनी तो तसाच राहू दिला.

गुलाबने कॅसेट लावली.

आधी हार्मोनियम, मग गळा, मग ढोलकी आली. आणि दिवाणाच्या पोटातून, गाद्यांच्या खालून, आबांच्या अंगाखालून, डाव्या पुडीचा घुमारा उठला. तो चढला, वळला आणि खाली उतरला. उखर्डूचा चमचा वाटीतच राहिला. गुलाबला एकदम गावचा मांडव आठवला, बसकणाची धूळ आठवली, लहानपणी आबांच्या मांडीला टेकून बसल्यावर पाठीतून जाणारा तो हादरा आठवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि या वेळी त्याने डासांचं नाव घेतलं नाही.

आबा मात्र दगडासारखे बसले होते. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा ते म्हणाले, "मांगे ले." गुलाबने कॅसेट मागे घेतली. तेवढाच तुकडा त्यांनी ऐकला आणि परत म्हणाले, मांगे ले. असं किती वेळा झालं कोण जाणे. नासीरने देवचंदभाऊकडे पाहिलं, देवचंदभाऊने जमिनीकडे. एवढं करूनही आबांना काही तरी खटकत होतं.

"उखर्डू," शेवटी आबा म्हणाले, "तठे मी चुकनू. डावा हात मांगे पडना."

उखर्डू म्हणाला, नाही आबा, बरोबर आहे, सगळी पार्टी त्या थापेवर तर फिरली. आबा म्हणाले, पार्टीला काय कळतं. उखर्डू म्हणाला, पार्टीला नाही कळत तर मला तरी कळतं. बोलाचाली वाढली. वर्षभर त्या जयंतीची वाहवा ऐकणाऱ्या माणसाला आज पहिल्यांदा आपली चूक ऐकू आली होती आणि तो ती कुणाला द्यायला तयार नव्हता.

"आन ती ढोलकी," आबा म्हणाले. "तुले दखाडस."

मग बेबाबाईनेच खुंटीवरून खोळ काढली. उखर्डूने ढोलकी आबांच्या मांडीवर टेकवून धरली. आबांनी उजव्या हाताने डावा हात फळीवरून उचलला. उचलताना ते थबकले, तळव्याकडे पाहिलं, कारण स्पीकर अजून वाजत होता आणि फळीचा तो हादरा त्या हाताला लागत होता हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी हात डाव्या पुडीवर ठेवला. गुलाबने टेप बंद केला.

उजवा हात सुरू झाला. टिक टिक टिक. त्याच जागेशी आल्यावर आबांनी दात आवळले, खांदा पुढे ढकलला, मनगट वाकलं आणि तळवा पुडीवर दबला. घुमारा आला. तो लहान होता, कापरा होता आणि जागेवरून निसटून बऱ्याच उशिरा आला होता. पण आला होता.

"मांगे पडना," आबा म्हणाले.

"पडना," उखर्डू म्हणाला.

आबांनी परत सुरू केलं.

दुपारी उखर्डू गावी निघाला तेव्हा त्याच्या हातात खिरीचा डबा होता, ढोलकी नव्हती. त्याने दारातून भीत भीत विचारलं, मग ढोलकीचं काय? आबांनी मान वर केली नाही. "पुढला साल ये. आते माले काम शे."

पाहुणे गेले. ऊन उतरलं. गुलाब आपल्या दिवाणाकडे, म्हणजे आपल्या स्पीकरकडे, डोळे भरून बघत बसला होता. ना खळखळ, ना खडखड. असा घुमारा धुळ्यात कुणाच्या घरी नसेल, असं त्याने नुकतंच बेबाबाईला सांगितलं होतं. तेवढ्यात आबांनी विचारलं, डॉक्टरांनी दिलेला तो चेंडू कुठे आहे?

गुलाबने बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाईने दिवाणाच्या फटीकडे पाहिलं. तो काढला तर झाकण परत खडखडेल, एवढं गुलाबने कसंबसं सांगितलं.

"खडखडू दे," आबा म्हणाले.

गुलाबने चेंडू काढला, शर्टाला पुसला आणि आबांच्या डाव्या तळव्यात ठेवून त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. मग त्याने कॅसेट लावली. त्या दिवसापासून त्या घरात ढोलकी वाजली की प्रत्येक घुमाऱ्यामागे दिवाणाचं झाकण खडखडायचं. नासीरने दोन-तीनदा सांगितलं की रबराची पट्टी लावून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. गुलाब म्हणायचा, राहू दे.